विजेचे ऋण टोक आणि हृदयाचा ठोका

विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीच्या तीन तारांपैकी दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते, हे गिरड-समुद्रपूर परिसरातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. वीज तीच, दाब तोच, मोटारही तीच. केवळ जोडणी बदलली आणि पाणी चढेनासे झाले. वीज किती आहे एवढेच पुरेसे नसते, ती कशी जोडली आहे हेही पाहावे लागते. हृदयाला बाहेरून विजेचा आधार देण्याची वेळ येते तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. तेथील वीज पंपाच्या विजेसारखी सतत उलटसुलट होणारी नसते. ती बॅटरीची, एक टोक ऋण आणि एक टोक धन असलेली असते. त्यांपैकी कोणते टोक हृदयाच्या स्नायूला टेकवायचे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला, त्याला कारण आहे. ज्या पालकांनी पहिल्या काही तुकड्यांतील मुले बोट धरून या वसतिगृहात आणून सोडली, ते आज वृद्ध झाले आहेत. हृदयाची विद्युत्-व्यवस्था थकते ती बहुधा याच वयात. आपले माजी विद्यार्थी आईवडिलांना घेऊन सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या रुग्णालयात जातात. तेथे 'युनिपोलर', 'बायपोलर', 'थ्रेशोल्ड' असे शब्द कानांवर पडतात आणि पुढ्यात संमतिपत्र येते. सही करण्यापूर्वी समजून घेणे, हाच शिक्षणाचा अर्थ आहे असे आम्ही मानतो. आमचा विषय इतिहास असला, तरी या ज्ञानालाही इतिहास आहे आणि तो मोठा बोधप्रद आहे.

हृदयाची स्वतःची वीज

हृदय मेंदूच्या आज्ञेची वाट पाहत नाही. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. कीथ आणि फ्लॅक या संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. विश्रांत अवस्थेत मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा तो स्वतःहून विद्युत्-संकेत निर्माण करतो. हा संकेत कर्णिकांतून पसरतो, मध्यभागी असलेल्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळतो आणि मग विशेष तंतूंच्या वाटेने जवनिकांत उतरतो. त्या आकुंचन पावतात, रक्त शरीरभर ढकलले जाते आणि आपल्याला नाडीचा ठोका लागतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात.

ही वाट मध्येच तुटली तर त्या अवस्थेला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीत गुठळी होणे हा वेगळा आजार आहे. बोलण्यात दोहोंनाही 'ब्लॉक'च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. येथे अडलेली असते ती वीज. वाट पूर्ण तुटली तर जवनिका आपल्या संथ गतीने, मिनिटाला ३०-४० ठोक्यांवर चालू राहतात किंवा काही क्षण थांबतात. माणूस एकाएकी कोसळतो, चेहरा पांढरा पडतो आणि थोड्याच वेळात तो उठूनही बसतो. खेड्यापाड्यांत अशा माणसाला 'फिट आली', 'अशक्तपणा आहे', क्वचित 'बाहेरची बाधा झाली' असे म्हटले जाते आणि मोलाचे दिवस वाया जातात. वृद्ध माणूस वारंवार असा कोसळत असेल, तर पहिल्यांदा नाडी मोजावी आणि लवकरात लवकर ईसीजी काढून घ्यावा.

जुने प्रयोग, हळूहळू उलगडलेले सत्य

स्नायू आणि मज्जातंतू विजेला प्रतिसाद देतात, हे इटलीतील गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून १७९१ मध्ये जगापुढे मांडले. पण दोन ध्रुवांचा परिणाम सारखा नसतो, हे नियमाच्या रूपात सांगितले ते जर्मन शरीरशास्त्रज्ञ प्फ्ल्यूगर यांनी १८५९ मध्ये. त्यांना मज्जातंतूत असे आढळले, की प्रवाह सुरू करताच उद्दीपन होते ते ऋणाग्रापाशी. धनाग्रापाशी उद्दीपन झालेच तर ते प्रवाह बंद करताना होते. पुढे हृदयाच्या स्नायूबाबतही हीच दिशा उपयोगी पडली.

माणसाच्या हृदयावर थेट वीज लावून पाहण्याची संधी फॉन झीमसेन या जर्मन वैद्याला मिळाली. कॅथरिना सेराफिन नावाच्या स्त्रीच्या छातीतील गाठ काढताना छातीची डावी भिंतही काढावी लागली होती, आणि तिचे हृदय केवळ पातळ त्वचेखाली धडधडताना दिसत असे. झीमसेन यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विजेच्या खंडित प्रवाहाने तिच्या हृदयाची गती बदलता येते हे दाखविले. ग्रंथांत संशोधकाचे नाव ठळक छापले जाते. ज्या स्त्रीच्या देहावर हे ज्ञान उभे राहिले तिचेही नाव इतिहासाने जपावे, असे आम्हाला वाटते.

१९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील डॉ. लिडविल यांनी एक यंत्र वापरले. त्याचे एक टोक तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गादीच्या रूपाने त्वचेवर ठेवायचे आणि दुसरे टोक सुईच्या रूपाने थेट हृदयात टोचायचे. एक टोक हृदयात आणि दुसरे दूर शरीरावर, ही रचना आजही वेगळ्या स्वरूपात टिकून आहे. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. झोल यांनी छातीवरूनच वीज देऊन थांबू पाहणारी हृदये चालू ठेवली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. फर्मन यांनी शिरेतून तार सरकवत उजव्या जवनिकेपर्यंत नेली आणि छाती न उघडता हृदयाला आतून वीज देता येते हे सिद्ध केले.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये ऑर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पूर्ण पेसमेकर बसविला गेला. नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा सहा दिवस बाकी होते, असे सांगितले म्हणजे हा काळ किती जवळचा आहे हे आपल्या वाचकांच्या सहज ध्यानी येईल. अभियंता एल्मक्विस्ट यांनी ते यंत्र बूट पॉलिशच्या डबीत रेझिन ओतून घडविले होते आणि शस्त्रक्रिया सेनिंग यांनी केली. पहिले यंत्र काही तासच चालले. परंतु लार्सन त्यानंतर ४३ वर्षे जगले, आयुष्यात एकूण २६ पेसमेकर वापरले, आणि २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी वेगळ्याच आजाराने गेले. यंत्र घडविणारा अभियंता आणि ते बसविणारा शल्यविशारद, दोघांच्याही मागे ते जगले.

ऋण टोकच का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हृदयाच्या स्नायूतील प्रत्येक पेशी शांत असताना जणू भारित बॅटरीच असते. तिच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण असते. हा फरक सुमारे ९० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडा कमी. हा फरक एका ठरावीक मर्यादेपर्यंत घटला, की पटलातील सोडियमची दारे उघडतात, सोडियमचे धन आयन झपाट्याने आत शिरतात आणि पेशी पेटून उठते. मग ती शेजारणीला जागवते, ती पुढच्या पेशीला, आणि लाट संपूर्ण जवनिकेत पसरते. म्हणजे पेसमेकरला सगळे हृदय हलवायचे नसते. टोकाजवळच्या मूठभर पेशींना उंबरठा ओलांडायला लावले, की पुढचे काम हृदय स्वतः करते. त्यासाठी लागणाऱ्या किमान विजेला म्हणूनच उंबरठा, म्हणजे 'थ्रेशोल्ड' म्हणतात. आणि विजेच्या स्पंदाला हृदयाने ठोक्याने उत्तर दिले, की डॉक्टर 'कॅप्चर झाले' असे म्हणतात.

पेशीच्या बाहेर ऋण टोक आणले तर काय होते? ते बाहेरील धन भार आपल्याकडे ओढून घेते. बाहेरची बाजू कमी धन झाली म्हणजे आतबाहेरचा फरक घटला. पेशी उंबरठ्याकडे सरकली आणि पेटली. धन टोक आणले तर उलटे घडते. बाहेरची बाजू अधिक धन होते, फरक वाढतो आणि टोकाखालची पेशी अधिकच गाढ झोपी जाते.

मग धन टोकाने ठोका पडतच नाही का? पडतो, पण आडवाटेने. हृदयाचे स्नायुतंतू एका दिशेने रचलेले असतात आणि वीज त्यांच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज वाहते. त्यामुळे धनाग्राखालची पेशी झोपली, तरी तंतूंच्या दिशेने थोड्या अंतरावर, दोन्ही बाजूंना, पेशींतील फरक घटतो आणि लाट तेथून उठते. जणू तेथे न दिसणारे ऋण टोक निर्माण होते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात विक्सवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आधी गणिताने मांडले. पुढे १९९५ मध्ये, विद्युत्-दाबानुसार प्रकाश बदलणारे रंगद्रव्य वापरून, त्यांनी ते हृदयाच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष दाखविले. प्फ्ल्यूगर यांच्या निरीक्षणापासून या चित्रापर्यंत पोहोचायला १३६ वर्षे लागली. विज्ञानात कोणाचाही शब्द अंतिम नसतो. नवे साधन आले, की जुना नियम पुन्हा तपासला जातो.

आडवाटेने जायचे म्हणजे जास्त वीज लागणार. म्हणूनच धन टोकाचा उंबरठा सामान्यतः उंच असतो. येथे साधे गणित लक्षात ठेवावे. प्रत्येक स्पंदाचा व्होल्ट दुप्पट केला तर खर्च होणारी ऊर्जा सुमारे चौपट होते. दिवसाला लाखभर स्पंद देणाऱ्या बॅटरीला हा फरक परवडणारा नसतो. बॅटरी लवकर संपली म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च आणि पुन्हा जंतुसंसर्गाचा धोका.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूला सावरायला थोडा वेळ लागतो. या सावरण्याच्या काळात ऋण टोकापेक्षा धन टोकाचे उद्दीपन अधिक सहज होऊ शकते, आणि अवेळी पडलेला ठोका, विशेषतः रक्तपुरवठा कमी पडलेल्या हृदयात, घातक अनियमितता निर्माण करू शकतो. तिसरे कारण रसायनशास्त्राचे आहे. धनाग्राशी धातू झिजतो, हे दहावीचा विद्यार्थी विद्युत्-विलेपनाच्या प्रयोगात शिकतो. शरीरातील द्रव खारट असल्याने तेथेही तेच घडते. म्हणून हृदयातील टोक ऋण ठेवणे आणि प्लॅटिनम-इरिडियमसारखा न गंजणारा मिश्रधातू वापरणे, या दोन्ही गोष्टी पाळल्या जातात.

दुसरे टोक कोठे ठेवायचे?

विजेचे मंडल पूर्ण व्हायला धन टोकही हवेच. ते कोठे आहे यावरून दोन प्रकार पडतात. तारेच्या शेवटी फक्त ऋण टोक असेल आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसविलेली पेसमेकरची धातूची डबीच धन टोक असेल, तर ती रचना युनिपोलर होय. तारेचे टोक ऋण आणि त्यापासून थोड्या अंतरावर त्याच तारेवर बसविलेली कडी धन असेल, तर ती बायपोलर.

युनिपोलर रचनेत वीज हृदयापासून डबीपर्यंत लांबचा प्रवास करते. त्यामुळे ईसीजीवर तिची उभी रेघ मोठी दिसते, कधी डबीजवळचा छातीचा स्नायू फडफडतो, आणि बाहेरच्या किंवा स्नायूंच्या विजेला हृदयाचीच वीज समजण्याची चूक यंत्राकडून होऊ शकते. बायपोलर रचनेत मंडल लहान असल्याने हे त्रास कमी होतात.

धन टोक हृदयाजवळ असूनही बहुधा गप्प का राहते, याचे उत्तर आकारात आहे. तारेचे टोक चिमुकले असते, कडी त्याहून मोठी आणि डबी तर फारच मोठी. तेवढीच वीज मोठ्या पृष्ठभागावर विखुरली, की तिची धार बोथट होते. खिळ्याचे अणकुचीदार टोक लाकडात शिरते, पण त्याचा चपटा माथा शिरत नाही, तसेच. तरीही, दोन्ही जवनिकांना एकत्र चालविणाऱ्या काही यंत्रांत धन कडीही स्नायूला उद्दीपित करते. तेव्हा डॉक्टरांना यंत्राची मांडणी बदलावी लागते.

आणीबाणीचा प्रसंग

ध्रुवांचा हा भेद सर्वांत निकराचा ठरतो तो तात्पुरत्या पेसिंगच्या वेळी. हृदयाची गती एकदम घसरलेला रुग्ण येतो, मोठ्या शिरेतून तार आत सोडली जाते आणि तिची दोन टोके बाहेरच्या पेटीला जोडली जातात. हृदयात सर्वांत पुढे असलेले टोक पेटीच्या ऋण खुंटीला जोडावयाचे असते. अदलाबदल झाली तरी कधी कधी ठोका पडतो. परंतु उंबरठा चढलेला असतो आणि हाती राहणारी सुरक्षिततेची मर्यादा कमी होते. पुढे रुग्णाची स्थिती थोडी बदलली, की ठोका निसटतो. छातीवर चिकट पट्टे लावून वीज देतानाही हृदयापुढचा पट्टा ऋण आणि पाठीचा धन, हीच जोडणी सामान्यतः वापरतात. उलटी जोडणी केल्यास लागणारी वीज वाढते, रुग्णाच्या वेदना वाढतात, आणि ठोका न मिळण्याची शक्यताही वाढते.

गिरडसारख्या गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावरील परिचारिकेला आणि तंत्रज्ञाला ही एक जोडणी निःशंकपणे ठाऊक असणे, यावर एखाद्याचे प्राण अवलंबून असू शकतात. आपल्या शाळेतून शिकून परिचर्या आणि तंत्रज्ञ अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्या मुलामुलींना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

'ऋण चांगले, धन वाईट' असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. बेताल झालेल्या हृदयाला मोठा धक्का देऊन ताळ्यावर आणणारे आयसीडी नावाचे यंत्र असते. तेथे उद्देश वेगळा आहे. मूठभर पेशींना जागे करायचे नसून साऱ्या गोंधळाला एकाच वेळी शांत करायचे असते. अशा धक्क्यात उजव्या जवनिकेतील वेटोळे धन ठेवले तर अनेकदा कमी ऊर्जा पुरते, आणि आधुनिक यंत्रांत तर एकाच धक्क्याच्या मध्यात विजेची दिशा उलटवली जाते. काम बदलले, की योग्य ध्रुवही बदलतो.

ज्ञान पोहोचले, यंत्र पोहोचले का?

विज्ञानाची ही कथा येथेच थांबविली तर ती अपुरी राहील. पेसमेकर महाग असतो, आणि तो नसल्याने माणसे जातात. याच प्रश्नावर मुंबईत एक उल्लेखनीय काम झाले. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून कुटुंबीयांच्या संमतीने काढलेले, बॅटरी पुरेशी शिल्लक असलेले पेसमेकर तपासून व निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आले. या कामाचा अहवाल २०१२ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि काळजीपूर्वक केलेला असा पुनर्वापर सुरक्षित ठरू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतल्या कोणा अनोळखी माणसाच्या छातीवरची डबी मुंबईच्या कष्टकऱ्याच्या हृदयाला चालवू लागली. विजेचा ऋण ध्रुव दोघांच्याही हृदयाला सारखाच जागे करतो. पेशीच्या पटलाला देश, वर्ण, जात यांची ओळख नाही.

आज भारतातही, इंदूरजवळच्या पिथमपूर येथे, पेसमेकर तयार होतात. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकर बसविण्याच्या उपचाराचा समावेश आहे. योजना लागू असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. कर्ज काढण्यापूर्वी आणि शेत गहाण टाकण्यापूर्वी तेथे चौकशी करणे हा आपला हक्क आहे. त्यात संकोच मानू नये.

ज्या घरी पेसमेकर असलेली व्यक्ती आहे, त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. रुग्णालयाकडून मिळालेले ओळखपत्र नेहमी जवळ असावे. त्यावर यंत्राचा आणि तारेचा प्रकार लिहिलेला असतो. एमआरआय किंवा अन्य शस्त्रक्रियेपूर्वी ते न विसरता दाखवावे. मोबाइल डबीवरच्या खिशात ठेवू नये. वेल्डिंगच्या कामापासून दूर राहावे. छातीचा स्नायू वारंवार फडफडत असेल, पुन्हा चक्कर येत असेल किंवा नाडी ठरवून दिलेल्या गतीपेक्षा मंद लागत असेल, तर तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. आणि भेटीत निःसंकोच विचारावे, "आमच्या आईची तार युनिपोलर आहे की बायपोलर? उंबरठा किती आहे? बॅटरी किती उरली?" पालकांनी मुलांना शाळेत घातले ते प्रश्न विचारता यावेत म्हणून, त्या शिक्षणाचा पहिला लाभ पालकांनाच व्हावा, अशी आमची इच्छा आहे.